एकटीच्या सहलीला चौघंजण

यंदाच्या उन्हाळ्यात मी उत्तरेच्या रानात जाणार आणि एकटी जाणार, ही घोषणा मी आमच्या इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या सामायिक न्हाणीत केली. शुक्रवार होता, बायकांची वेळ होती आणि अंगावर सूत नव्हतं. म्हणूनच ती घोषणा पुढे मागे घेता आली नाही. कपड्यांत असताना बोललेला शब्द माणूस गुपचूप खिशात घालून घरी नेऊ शकतो. सौनातल्या शब्दाला खिसाच नसतो.

बोलायचं असं काही ठरलं नव्हतं. तळमजल्यावरच्या इंकेरीबाई तापलेल्या दगडांवर पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "काय रायली, जुलैत नेहमीप्रमाणे तळ्यावरच ना?" दगडांवरून वाफ उठली, माझे कान भाजले, आणि त्यातून हा 'नेहमीप्रमाणे' कानात शिरला.

तळ्यावर म्हणजे सासरच्या लाकडी घरात. हे घर माझा नवरा तौनो आणि त्याची थोरली बहीण हेल्वी या दोघांच्या नावावर आहे. कष्ट तेवढे माझ्या नावावर आहेत. आमच्या देशात उन्हाळी सुट्टी म्हणजे शहरातल्या घराला कुलूप लावून दुसऱ्या घरी जायचं आणि पहिल्या घरात नसलेली सगळी कामं तिथं करायची: पाणी ओढणं, लाकडं फोडणं, गालिचे तळ्याच्या पाण्यात घासून धुणं, बाहेरच्या संडासाला पुन्हा एकदा लाल रंग काढणं. कामाचं मला काही वाटत नाही. मला सोसत नाहीत ते प्रश्न. 'रायली, चाळणी कुठाय?' 'रायली, काडेपेटी ओली कशी झाली?' 'रायली, मी सकाळची गोळी घेतली का गं?' हेल्वीच्या पोटात काय गेलं हेसुद्धा मी लक्षात ठेवायचं! एक आठवडा, फक्त एक आठवडा मला कुणी काही विचारू नये, एवढीच माझी इच्छा होती. देवाकडे मागायलाही संकोच वाटावा इतकी ती लहान होती. पण सासरी ही इच्छा बोलून दाखवण्यापेक्षा ते घर विकायला काढणं सोपं गेलं असतं.

"तळ्यावर नाही," मी म्हणाले. "यंदा मी लाप्लंडच्या रानात जाणार. पाठीवर पिशवी टाकून, चालत. एकटी."

  वरच्या फळीवर कुणीतरी उगाच खाकरलं.

"एकटी?" इंकेरीबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. सौनात आपादमस्तक म्हणजे खरोखरच आपादमस्तक. "म्हणजे तौनोशी काही...?"

"तौनोशी काही नाही. तौनो उत्तम आहे."

"नाही, पण असल्या गुडघ्यांनी?"

"गुडघे माझेच आहेत, इंकेरीबाई. तेही येतील बरोबर."

घरी आले तेव्हा तौनो कॉफीचं यंत्र उघडून बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यानं एक स्क्रू दातांत धरला होता तो काढला आणि म्हणाला, "जा की."

बस्स? मी जिना चढताना भांडणाची पुरती तयारी केली होती. चांगले धारदार मुद्दे होते, ते सगळे जागच्या जागी गंजले. नवऱ्यानं आडवं लावलं तर बाईला बळ येतं. 'जा की' म्हणणाऱ्यापुढे बंड करायचं कसं?

"अस्वलं असतात तिकडं," मी म्हटलं.

"असतात."

"पाय मुरगळला तर?"

"दुखेल."

आमच्या सावो मुलखात एक म्हण आहे, की बोलणाऱ्यानं बोलून मोकळं व्हावं, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याची. तौनोशी लग्न केलेल्या ऐकणाऱ्याला फारच राबावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून दाराची बेल वाजायला लागली. आता आमची इमारत अशी, की जिन्यात शेजारी समोर येऊ नये म्हणून लोक आधी दाराच्या भिंगातून डोकावतात, पावलं वरच्या मजल्यावर गेली की मगच कडी काढतात. सभ्य माणसांची वस्ती आहे. पण उत्तरेच्या रानाचं नाव निघालं आणि सगळ्यांची भीड चेपली. प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी एकदा उत्तरेला जाऊन आलेलं असतं, आणि त्या एका फेरीच्या बळावर अख्खं खानदान तज्ज्ञ होऊन बसतं. एकानं सांगितलं, मोजे दोन जोड घाल. दुसऱ्यानं सांगितलं, दोन जोड घातलेस तर मेलीस. अस्वल दिसलं तर मोठ्यानं गा, असं एकीचं म्हणणं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, रायलीचा आवाज बघता अस्वलाचाही विचार करायला हवा.

इंकेरीबाई आल्या त्या त्यांच्या दिवंगत यजमानांचा बिडाचा तवा घेऊन. दोन्ही हातांनी धरला होता आणि तरी तो त्यांना खाली ओढत होता.

"हा ने. ह्यावर त्यांनी उत्तरेत मासे तळले होते."

"इंकेरीबाई, मी सगळं पाठीवरून नेणार आहे हो."

"तेही पाठीवरूनच न्यायचे."

"त्यांची पाठ..."

"हो गं, त्या पाठीनंच गेले," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावल्यासारखी बाही लावली. मी हात पुढे केले आणि तवा घेतला.

मग आले श्री. कोक्को. हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. नोकरीत असताना ते मोटार चालवण्याच्या परीक्षा घेत, आणि निम्म्या कुओपिओ शहराला त्यांनी एकदा तरी नापास केलेलं आहे. त्या सवयीनं ते अजूनही माणसाकडे बघतात ते आरसा पाहिला की नाही हे तपासत. त्यांनी मला एक बाटली दिली. तीत पाइनच्या लाकडाचं, होड्यांना फासतात ते काळंकुट्ट डांबरी तेल होतं. "डासांवर. बाजारातली औषधं डास चाटून खातात," ते म्हणाले. "आणि सराव करा. बिनसरावाचा माणूस रस्त्यावरचा धोका असतो."

सराव मी सुरू केलाच होता. पाठीला तौनोची जुनी पिशवी, पिशवीत तवा, आणि आमच्या इमारतीचा जिना तळघरापासून वरपर्यंत आणि परत. पायांत चालायचे नवे बूट होते. ते मऊ व्हायचे तर आवाज होणारच. आठवड्याच्या आत जिन्याच्या फळ्यावर चिठ्ठी लागली. चिठ्ठी नेहमीप्रमाणे निनावी होती. आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं बाहेरचे म्हणतात ते साफ खोटं आहे. आम्ही चिठ्ठ्या लावतो. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'जिना माणसांसाठी आहे. घोड्यांची ने-आण बाहेरून करावी. एक रहिवासी.'

मी तिथंच उभी राहून खाली लिहिलं: 'घोडी तिसऱ्या मजल्यावर राहते. नाव रायली तुओमेला. ती जुलैपर्यंत रोज चढणार. तक्रार असल्यास बेल वाजवावी.'

एवढ्यानं इमारत हादरली. मजकुराचं कुणाला काही नव्हतं. त्या फळ्यावर आजवर कुणी स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. लोक खाली येऊन सही बघून जात होते. बेल मात्र एकानंही वाजवली नाही. माझी चढउतार चालूच राहिली, आणि दर मजल्यावर भिंगाआड एकेक डोळा माझी वाट बघत असायचा. खोटं कशाला बोलू, वरच्या मजल्यांवर मी जरा ताठ चालायची.

त्यानंतर तंबूचं प्रकरण झालं. तंबू तौनोच्या तारुण्यातला होता आणि त्याला त्या तारुण्याचा वास येत होता. म्हणून एका सकाळी मी तो अंगणातल्या गालिचे झोडपायच्या लोखंडी सांगाड्यावर पसरला. अजून दोऱ्या सोडवते आहे तोवर श्री. कोक्को हजर.

"हे काय आहे?"

"तंबू."

"हा सांगाडा गालिच्यांसाठी आहे. नियमावलीत 'गालिचे' असा स्पष्ट शब्द आहे."

"मागच्या आठवड्यात इथं इंकेरीबाईंची गादी होती."

"गादी म्हणजे जाड गालिचा."

"मग तंबू म्हणजे उभा गालिचा!"

 शेवटी कोक्कोंनी सोसायटीची समिती बोलावली. समितीची बैठक म्हणजे कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव, आणि पाव संपेस्तोवर मुद्दा संपता कामा नये असा अलिखित दंडक. तंबूला तळ आहे का, असल्यास शिवलेला की सुटा, यावर गंभीर खल झाला. मला बाहेर थांबवलं होतं, आरोपीला थांबवतात तसं. निकाल असा लागला की तळ शिवलेला तंबू हा तळापुरता गालिचा होय, सबब सांगाड्यावर टाकण्यास हरकत नाही. मात्र सांगाड्यावर टाकलेली वस्तू झोडपली पाहिजे. नुसतं वाळवायला टाकणं म्हणजे सामायिक सोयीचा दुरुपयोग.

मग मी तंबू झोडपला. झोडपायची वेताची छडी घेऊन, भर अंगणात, कोक्को खिडकीतून बघत असताना. पहिले दोनचार फटके कर्तव्य म्हणून मारले. पुढे हात सैल झाला. एक फटका निनावी रहिवाशाला दिला, एक चाळणीला, एक सकाळच्या गोळीला. नंतर नंतर कोणता फटका कुणाचा याचा हिशेब राहिला नाही. तंबू फाटला तेव्हा कुठं मी भानावर आले.

तौनोनं फाटलेला भाग हातात धरून उजेडात पाहिला. "जोर आहे," एवढंच म्हणाला. संध्याकाळी त्यानं आईचं शिवणयंत्र काढलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, पायडलवर पाय जपून टाकत, सगळी शिवण नव्यानं घातली. मी दारातून बघत होते. या माणसावर मला रागावता येत नाही, हीच माझ्या बंडाची मुख्य अडचण आहे.

रजेचं कोडं मात्र आपोआप सुटलं. मी एका चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि जुलैची रजा तिथं जुन्या माणसांना आधी मिळते. मालक दर वर्षी 'बघू' म्हणत शेवटच्या क्षणापर्यंत टांगून ठेवत. एके दिवशी मी कोक्कोंच्या तेलाची परीक्षा घ्यायची म्हणून मानेला आणि मनगटांना ते थोडंसं चोपडून कामावर गेले. उन्हाचा दिवस होता, दुकान काचेचं. तेल तापलं. चौकटी दाखवायला मी वाकले की गिऱ्हाईक मागं सरकायचं. एक बाई म्हणाल्या, "कुठंतरी होडी जळते आहे का?" दुसऱ्या एका गृहस्थांनी जळक्या वायरींचा वास ओळखला. त्यांना वायरींतलं कळत होतं, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. मालकांनी दुकान रिकामं केलं. अग्निशमनवाले आले, त्यांनी कपाटं हुंगली, भिंती हुंगल्या, आणि शेवटी त्यांच्यातला सर्वांत थोराड जवान माझ्यापाशी येऊन थांबला. एक खोल श्वास घेऊन म्हणाला, "वा! आजोळची आठवण झाली."

मालकांनी त्याच दिवशी जुलैची रजा दिली. म्हणाले, हवं तर जूनमध्येच जा.

आता सगळं जमलं, असं मला वाटलं. तिथंच चुकलं. इंकेरीबाईंनी बातमी भाजीबाजारात पोचवली, आणि बाजारातून ती हेल्वीकडे गेली. रविवारी हेल्वी आली. हातात रुबार्बच्या देठांचा केक होता. तिचा हा केक इतका आंबट असतो की खाणाऱ्याला वाद घालता येत नाही, तोंडच उघडत नाही. ती शाळेच्या भटारखान्यावर देखरेख करून निवृत्त झाली आहे. हजार पोरांना तिनं जेवू घातलं असं ती सांगते. खरं म्हणजे तिनं जेवू घालायला लावलं.

"तळ्यावर तू येणार नाहीस असं ऐकते."

"बरोबर ऐकलंस."

"मग तिथं आम्ही खायचं काय?"

"तळ्यात मासे आहेत."

"ते कच्चे असतात, रायली!"

यावर मी कॉफी ओतली. हेल्वीनं डावपेच बदलला.

"लोक म्हणतील, वाटण्या झाल्या."

"म्हणू देत."

"म्हणतील, सुनेला बाहेर काढलं."

"ते तर मी स्वतःच पसरवीन."

हेल्वीनं केकचा तुकडा तोंडात घातला, तिचे स्वतःचेच डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा तिला मार्ग सापडलेला होता. "ठीक आहे. मग आम्हीच येतो तुझ्याबरोबर. मी आणि तौनो. मी विचारलंय त्याला."

मी तौनोकडे पाहिलं. तौनोनं मोज्यांकडे पाहिलं.

"तिनं विचारलं," तो म्हणाला. "मी काही बोललो नाही."

"तेच म्हणते मी," हेल्वी म्हणाली. "नाही म्हणाला नाही."

त्या संध्याकाळी इंकेरीबाई वर आल्या. दारातच म्हणाल्या, "हेल्वी येते म्हणे. मग मीही येते. माझा तवा मी परक्यांच्या हाती देऊन बसणार नाही."

तुम्ही म्हणाल, बाईनं इथं हार मानली असेल. मानणार होते. रात्रभर पडल्या पडल्या मी तळ्यावरच्या घरी परतसुद्धा गेले होते, मनातल्या मनात संडास रंगवूनही झाला होता. पण सकाळी जिन्यात माझं नाव लिहिलेली ती चिठ्ठी दिसली. कुणी काढली नव्हती. मी वर आले, तिघांनाही बोलावलं आणि सांगितलं, "या. रान काही माझ्या मालकीचं नाही. पण एक लक्षात ठेवा. मी एकटीच जाणार आहे. तुम्ही तिघं माझ्या मागून या, आणि आपापले एकटे या."

"म्हणजे गाडी एकच ना?" इंकेरीबाईंनी विचारलं.

गाडी एकच. मी मागच्या सीटवर, मांडीवर तवा, कारण तव्यासाठी जागा उरली नव्हती. हेल्वीनं बटाटे घेतले होते. रानात चालत जायचं आणि बटाट्यांची पोतडी! नवे बटाटे सोडून जुलै कसा काढायचा, म्हणाली. उत्तरेचा रस्ता लांबलचक आणि सरळ. दर पेट्रोलपंपावर कॉफीला थांबायचं, आणि गाडीत बसलं की 'रायली, थर्मासचं झाकण कुठाय?' 'रायली, खिडकी कुठून उघडते?' मी बाहेरची झाडं बघत होते. जसजसं वर जावं तसतशी झाडं बुटकी होत जातात. मला त्यांचं बरं वाटलं. आणखी थोडं वर गेलं की मीही त्यांच्यात उठून दिसले नसते.

मग रेनडिअर आले. कळप नव्हता मोठा, एक पोक्त मादी, तिचं पिल्लू आणि दोघं-तिघं टोळभैरव. ते रस्त्याच्या मधोमध, गाडीच्या पुढे, आम्ही जात होतो त्याच दिशेनं चालायला लागले. बाजूला व्हायचं त्यांच्या मनातच नव्हतं. हॉर्न वाजवला तर मादीनं मागं वळून अशा नजरेनं पाहिलं, की तौनोनं माफी मागितल्यासारखा हात वर केला. हेल्वी खाली उतरली. हजार पोरांना रांगेत उभं केलेल्या त्या आवाजात तिनं त्यांना समज दिली. मादी ऐकत होती. बोलून होईपर्यंत थांबली, मग पुन्हा रस्त्याच्या मधोमध, त्याच चालीनं, पुढे. कुणाचं काय म्हणणं आहे त्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मला त्या बाईचा फार हेवा वाटला.

गाडी सोडून पायवाटेला लागलो तेव्हा पाऊस आणि ऊन यांचं आळीपाळीनं चाललं होतं आणि डासांचं आळीपाळीनं नव्हतं. दलदलीवर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून जायचं, एका मागे एक. मी सुटले. जिना माझ्या पायांत होता! मागून आवाज येत राहिले, आधी शब्द कळत होते, मग नुसता सूर, मग तोही गेला. तवा पाठीत रुतत होता, मोजे एक जोडही चुकीचे आणि दोन जोडही चुकीचे ठरले होते, आणि मी चक्क मोठ्यानं गात होते. अस्वल आलं नाही.

रानातला, वाटसरूंसाठी बांधलेला लाकडी खोपा दिसला. दार ढकललं. आत एक फळ्यांचा लांब ओटा, चार माणसं आडवी होतील एवढा, लोखंडी शेगडी आणि एक खिडकी. कुणी नव्हतं. मी बूट काढले, शेगडी पेटवली, कॉफी ठेवली. कॉफीला उकळी फुटेपर्यंत मला कुणीही काहीही विचारलं नाही. तेवढ्यात मी काय केलं सांगू? काही नाही. ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले आणि ते पाय बघितले. छान पाय आहेत.

कॉफी ओतेस्तोवर तौनो आला, मग चिखलानं माखलेली हेल्वी आणि तिला धरून इंकेरीबाई. कॉफी त्यांनी प्यायली. "रायली, माझे कोरडे मोजे कुठं टाकलेस?" "रायली, ही शेगडी अशी धुरावते का?" "बटाटे लाव, रायली, पोटात आग पडली." अन् बघता बघता तळ्यावरचं घर त्या खोप्यात येऊन बसलं, फक्त संडासाला रंग नव्हता. मी बटाटे धुतले, पाणी ठेवलं. तव्यावर सॉसेज टाकले. माझी मान खाली होती. उगाच डासावर राग काढला.

तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर एक उंच, निथळणारा माणूस उभा होता. चष्म्यावर इतकं पाणी की त्याला आम्ही चार आहोत की चाळीस, हे दिसलं नसावं. थंडीनं त्याचे दात वाजत होते. आत डोकावून त्यानं ओटा चाचपल्यासारखा पाहिला आणि म्हणाला, "जागा नसेल तर मी बाहेर..."

"हो, तेच बरं," हेल्वी म्हणाली. "आम्ही चौघं आहोत."

 इंकेरीबाईंच्या हातातला चमचा थांबला. रानातल्या खोप्यांना आमच्याकडे कुलूप नसतं, आगाऊ नोंदणी नसते. नियम एकच, आणि तो दूध पितं पोरही जाणतं: शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. जो आधी आला त्याचं अंग सुकलं, पोटात गरम काही गेलं. त्यानं उठायचं आणि भिजून आलेल्याला जागा द्यायची. हेल्वीलाही नियम ठाऊक होता. तिचे कान लाल झाले.

"म्हणजे मला म्हणायचं होतं," ती म्हणाली, "की उठायचं कुणी?"

तिनं प्रश्न विचारला, आणि सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

या एका प्रश्नाचं उत्तर मी इतक्या आनंदानं दिलं, की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मी. सगळ्यात आधी मी आले."

"अगं, असं काय करतेस?" हेल्वी म्हणाली. "बटाटे अर्धे कच्चे आहेत!"

"नियम आहे, हेल्वी."

"एवढा काटेकोर कुणी पाळतं का?"

"शाळेत तू हजार पोरांकडून नियम पाळून घेतलेस ना?"

तो उंच माणूस दारात नुसता वाहत होता आणि पुटपुटत होता, नको, खरंच नको, माझ्यामुळे कशाला. मी त्याला हाताला धरून माझ्या जागेवर बसवलं, त्याचा चष्मा काढून पुसून त्याच्या नाकावर ठेवला. धंद्याची सवय. मग बूट घालायला बसले.

तौनो उठला. "मी दुसरा आलो," तो म्हणाला. मला कळलं तो काय विचारतो आहे. ऐकणाऱ्याची जबाबदारी!

"माणूस एकच आलाय, तौनो," मी म्हटलं. "एकीनंच उठायचं आहे."

त्यानं मान हलवली. शिवलेला तंबू माझ्या पिशवीच्या वर बांधला, तवा काढून इंकेरीबाईंच्या हवाली केला, आणि मी हात घालेपर्यंत पिशवी धरून उभा राहिला. पट्टा ओढून नीट बसवला. मग म्हणाला, "टेकाडाच्या माथ्यावर वारा असतो. डास कमी. तिथं टाक." एवढं लांब तो लग्नातही बोलला नव्हता. मी त्याच्या गालाला हात लावला. हाताला तेलाचा वास होता, तरी त्यानं गाल मागं घेतला नाही.

बाहेर पाऊस थांबला होता आणि ऊन तिरपं, पिवळं, सगळ्या दलदलीवर सांडलं होतं. उत्तरेत जुलैत सूर्य रात्रीही मावळत नाही, त्यामुळे मलाही घाई नव्हती. वाट चढायला लागली. बुटकी झाडं संपली आणि मोकळं माळरान सुरू झालं. अशा मोकळ्यात आवाज फार दूरवर जातो. खोप्याचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग हेल्वीचा, अगदी स्वच्छ, शब्दन् शब्द कळेल असा:

"रायली! ए रायली! बटाट्यांत मीठ घातलंस का?"

घातलं नव्हतं. मला पक्कं आठवत होतं, घातलं नव्हतं. उत्तर जिभेवर आलंसुद्धा. मी थांबले, पिशवीचे पट्टे आणखी जरा घट्ट केले आणि टेकाड चढायला लागले.

खाली चार जिभा होत्या. चाखून बघतील.